वाट मिळेल

९ मार्च

घण उचलला होता. खाली आणेपर्यंत खांब तिथे नव्हता.

आवाज नंतर आला. आधी नुसती जागा रिकामी झाली. खांब गेला, त्याच्या भोवतीचं गवत गेलं, गॉर्सचं पिवळं झुडूप गेलं, आणि मी सकाळी डबा ठेवला होता तो दगड गेला. मग खालून गडगडाट आणि ओल्या मातीचा वास. माझ्या बुटांपुढे हातभर जमीन उरली होती. तिच्यापुढे समुद्र.

मी घण धरून तशीच उभी राहिले. डब्यात अजून एक सँडविच होतं, एवढंच डोक्यात येत होतं.

"एलुनेद! मागे हो! मागे, बये, मागे!"

हेविन त्याच्या शेतातून ओरडत होता. बांधावरून उडी मारून आला, मेंढी धरतात तशी माझी कॉलर धरली आणि मला बांधाला टेकवलं.

"घण सोड."

"हो."

"सोड म्हणतोय ना!"

मग सोडला. त्याने त्याच्या फ्लास्कमधला चहा दिला. कप माझ्या दातांवर वाजत होता. शाळेत हा माझ्या मागच्या बाकावर बसायचा, माझ्या वेणीला पेन्सिल बांधायचा. आज त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"ऑफिसला काय सांगशील?" त्याने विचारलं.

"खांब गेला म्हणून."

"नशीब तुझं. तू गेली असतीस तर नवीन मागवायला त्यांना वर्ष लागलं असतं."

मी हसले. मग हसू थांबेना. मग रडले.

किनाऱ्याच्या या पायवाटेची राखणदार म्हणून सप्टेंबरपासून नोकरी करते आहे. गाव पोर्थ लास, तिथून पुढच्या टोकापर्यंतचा तुकडा माझा. टोकाला एकच घर आहे, पेनद्रॉ. तिथे आम्ही जन्मलो, आणि तिथे माझा थोरला भाऊ इदवल एकटा राहतो. मधली वाट एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला वडिलांनी रचलेला दगडमातीचा बांध, यांच्यामधून जाते. आज त्या वाटेची अर्धी रुंदी समुद्रात पडली. उरली ती एका माणसापुरती, तीही बांधाला घासून जाणाऱ्या.

अक्षर वाकडं येतंय.


१० मार्च

पेनद्रॉला गेले. गाडीने, रस्त्याने. वाटेकडे बघायचीही हिंमत नव्हती.

दार उघडायच्या आधीच इदवल आतून म्हणाला, "ये. कालची माती अजून बुटांना आहे तुझ्या."

"कशावरून?"

"ऐकू येतेय की."

कालचं सगळं सांगितलं. तो खिडकीकडे तोंड करून ऐकत होता. मध्येच उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग कपाळावर, मग गालावर. लहानपणी ताप बघायचा तसा. असं त्याने कित्येक वर्षांत केलं नव्हतं. मला वाटतं, घाबरला.

चहा ओतताना त्याचं बोट कपात होतं, आतल्या काठाला. आई असती तर हातावर चमचा मारला असता. एकटं राहून माणूस गचाळ होतो.

"ही वाट आता बंद," मी म्हटलं. "दुकानात यायचं तर रस्त्याने ये."

"रस्त्याने? दोन्हीकडे डोक्याएवढी झुडपं आणि मधून पाहुण्यांच्या मोटारी. आता तर बॅटरीवरच्या आल्यात. मांजरासारख्या येतात."

"तुझी गाडी विकली नसतीस तर?"

"कंटाळा आला होता चालवायचा."

"मग हेविनच्या शेतातून ये. तिकडून नवी वाट करणार आहोत."

"करा. झाली की सांग."

इतक्या सहज कबूल झाला की मला बरं वाटलं. आमच्यात तो हट्टी म्हणून प्रसिद्ध आहे.


१४ मार्च

नवी वाट आखून झाली. बांधाच्या पलीकडून, हेविनच्या शेताच्या मधोमध. ऑफिसच्या नकाशात तशी आहे, कारण बांधाच्या पायथ्याशी चिखल साचतो. पांढऱ्या टोकांच्या खुंट्या ठोकल्या. दूरवरूनही दिसतात. जुन्या वाटेच्या दोन्ही टोकांना दोरी बांधली.

ऑफिसातून क्लेअर बोर्ड घेऊन आली. मूळची इंग्लंडची पोरगी, आमची भाषा शिकतेय, आणि माझ्याशी इंग्रजी बोलायचंच नाही असं तिने ठरवलंय. दहा मिनिटांच्या कामाला तास लागतो.

"मला वाटेत लसणाचा वास आला," ती म्हणाली.

"वास ऐकला, म्हणायचं."

"वास ऐकला?"

"वास ऐकायचा. चव ऐकायची. गारठा ऐकायचा. हातात काटा घुसला तर तोही ऐकायचा."

"मग डोळ्यांनी काय करता तुम्ही लोक?"

"डोळ्यांनी बघतो. तेवढंच वेगळं आहे."

तिने वहीत लिहून घेतलं आणि मान हलवत राहिली.

बोर्ड मी स्वतः ठोकला, पेनद्रॉच्या बाजूला. पिवळा, चांगला मोठा. वर आमच्या भाषेत, खाली इंग्रजीत. गावाच्या बाजूलाही असाच एक. मी ठोकलेले पहिले बोर्ड. छान दिसतात.


१६ मार्च

नेस्टाच्या दुकानात शिरले तर सगळे एकदम गप्प झाले. मग नेस्टा गल्ल्यामागून म्हणाली, "अंडी मिळतील, बटाटे मिळतील. एलुनेदबाई, वाट कुठल्या फळीवर ठेवू?"

दुकानभर हशा. मला काही कळेना. मग तिने फोनवर फोटो दाखवला. माझा बोर्ड. खाली इंग्रजीत 'वाट बंद'. वर आमच्या भाषेत 'आर गाइ' हवं होतं, म्हणजे बंद. छापलंय 'आर गाइल'. म्हणजे वाट मिळेल. ताजे खेकडे मिळतील, तशी.

मी स्वतः ठोकला तो. पंधरा मिनिटं त्याच्यासमोर उभी होते. वाचला नाही. जे असायला हवं होतं तेच वाचलं.

इदवलही होता, ब्रेडच्या मांडणीला टेकून. गावात कोणाचं स्पेलिंग चुकलं की सर्वात आधी ओरडणारा हा माणूस. देवळाच्या पत्रिकेत एक टिंब चुकलं तर पाद्र्याच्या घरी जातो. आणि हा बोर्ड तर त्याच्या वाटेवर दोन दिवस उभा आहे. तरी नेस्टाने मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत तो गप्प होता. मग असा हसला की टोपी पडली. कोणीतरी उचलून त्याच्या हातात दिली.

"वाट मिळेल!" तो म्हणाला. "झालं तर मग. मी इंग्रजी वाचत नाही."

पुन्हा हशा. मी पण हसले. घरी येऊन ऑफिसला फोन केला. नवीन बोर्डाला दहा-बारा दिवस लागतील.


१९ मार्च

दोरी सुटलेली नव्हती, पण गाठ माझी नव्हती. मी साधी बांधते. ही मासेमारांची होती, इदवल बांधतो ती.

म्हणजे हा दोरी सोडून आत जातो आणि मागे पुन्हा बांधून ठेवतो. शिस्तीने. बोर्डाच्या बरोबर खाली उभा राहून.


२१ मार्च

आज जे पाहिलं ते डोळ्यांपुढून जात नाही.

मोठी ओहोटी होती. कड्याचं बूड बघायला खाली पुळणीवर उतरले. जुन्या चुनाभट्टीपासून पुढे वाळू इतकी मागे सरली होती की काळे खडक उघडे पडले होते. हवा स्वच्छ. दोन पर्यटक अनवाणी फिरत होते. मी मान वर केली.

खालून बघेपर्यंत कल्पना नव्हती. वरची वाट म्हणून जी उरली आहे ती निम्मी जमीन नाहीच. नुसतं गवत, छपराच्या वळचणीसारखं पुढे आलेलं. त्याच्याखाली हवा. मुळं लोंबत होती.

आणि वरून गाणं ऐकू आलं. इदवल चालताना भजन गुणगुणतो, खालच्या पट्टीत. मग त्याचे बूट दिसले. त्या गवतावर. एक पाऊल, दुसरं. खालून माती सुटली आणि माझ्या समोर खडकावर पडली. मूठभरच असेल.

ओरडले नाही. ओरडले तर दचकेल, असं वाटलं. एका पर्यटक बाईने विचारलं, "काही होतंय का तुम्हाला?" मी मान हलवली. तोपर्यंत बूट पुढे गेले होते. गाणं चालूच होतं, एक सूर न चुकता.

दुपारी दुकानासमोर त्याला गाठलं.

"तू वेडा आहेस का? खाली काही नाहीये तिथे! मी बघितलंय!"

"मी बांधाला धरून चालतो."

"बोर्ड लावलाय!"

"बोर्डावर वाट मिळेल असं आहे," तो म्हणाला, आणि आत उभ्या असलेल्या नेस्टाकडे तोंड करून हसला.

मी त्याला कानफटात मारायचं बाकी ठेवलं. एक्काहत्तर वर्षांचा माणूस. एका थट्टेसाठी. मला ही नोकरी मिळाली ते त्याला आवडलं नसेल का? वडिलांच्या बांधाशेजारी मी दोऱ्या बांधत फिरते ते? दुसरं कारण सापडत नाही.


२५ मार्च

देवळात सराव. ईस्टरनंतर गायनाचा मेळा आहे, यंदा पाळी आमच्या गावाची. आम्ही अकरा माणसं उरलोय, तरी एकाच वेळी चार वेगवेगळ्या सुरांत गातो. पहिला सूर इदवल लावतो, गेली तीस-बत्तीस वर्षं. पुस्तक कधी उघडत नाही. म्हातारे कोणीच उघडत नाहीत, सगळ्यांना पाठ आहे.

यंदा एक नवी चाल आली आहे. पाद्र्याने कागद वाटले. इदवलने कागद हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि बाकावर ठेवून दिला.

"ही चाल बेकार आहे," तो म्हणाला.

"अजून गायलो कुठे आपण?" नेस्टा म्हणाली.

"गायला कशाला हवी? दिसतंच आहे."

"काय दिसतंय?"

"दुसरा कोणीतरी सूर लावा. मी म्हातारा झालो."

आणि उठून गेला. बाकांवर हात ठेवत ठेवत, एक एक, जणू प्रत्येकाचा निरोप घेत होता. सगळे बघत राहिले. मला इतकी लाज वाटली की नेस्टाशी न बोलता घरी आले. केवढा हा गर्व.


२८ मार्च

नवे बोर्ड आले. या वेळी प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचलं. क्लेअरने वाचलं. हेविनला मेंढ्यांच्या बाळंतपणातून ओढून आणलं, त्यानेही वाचलं. त्याचे हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले.

"बंद," तो म्हणाला. "आता देवालासुद्धा कळेल."

अक्षरं आधीपेक्षा दुप्पट मोठी आहेत. जुने बोर्ड काढून गाडीत टाकले. चला, इदवलची सबब संपली.


३१ मार्च

संपली नाही.

गाठ पुन्हा त्याची. फोन केला.

"बोर्ड वाचलास?"

"वाट मिळेल," तो म्हणाला. हसत.

मी फोन ठेवला. बोलले असते तर जे बोलू नये ते बोलले असते. अठ्ठावीस तारखेपासून तिथे वीतभर अक्षरांत 'बंद' लिहिलं आहे आणि हा माणूस मला तोंडावर सांगतो, वाट मिळेल. ही थट्टा राहिली नाही. हा माझा अपमान आहे.

क्लेअर म्हणते, स्थानिक माणूस ऐकत नसेल तर ऑफिसला कळवावं लागेल. ते घरी माणूस पाठवतील. एकटा राहणारा म्हातारा म्हटल्यावर इतर खात्यांचीही माणसं येतील. तिला म्हटलं, दोन दिवस थांब. मी त्याच्यासमोर उभी राहते. बघू माझ्या अंगावरून जातो का.


२ एप्रिल, दुपार

क्रमाने लिहिते. नाहीतर लिहिता येणार नाही.

सकाळी गावाच्या बाजूने वाटेवर आले तर उरलेलीही गेली होती. रात्री कधीतरी. बांधाला लागून जी एका माणसापुरती पट्टी होती ती आता नाही. बांधाचे दगड सरळ हवेत उघडे. खाली भरतीचं पाणी, मातीने तांबडं झालेलं.

दुकानात दूध आणायला इदवल याच सुमाराला निघतो. मी बांध चढून हेविनच्या शेतातून पळत पलीकडे गेले, पेनद्रॉच्या बाजूला. दोरी बांधलेली होती, बोर्ड जागेवर होता, तो अजून आला नव्हता. मी दोरीच्या आत शिरले आणि तुटलेल्या कडेला पाठ करून वाटेच्या मधोमध उभी राहिले.

बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. एक शब्दही नाही. बघू दे माझ्याकडे.

तो आला. ऊन त्याच्या तोंडावर होतं. एक हात बांधावर, पावलं नेहमीची, गुणगुणणं चालू. बोर्डापाशी थांबला, दोरीची गाठ सोडली, आत आला, मागे वळून गाठ बांधली. हे सगळं तो गाठीकडे न बघता करत होता. माझ्याकडे बघत करत होता. आणि चालू लागला. माझ्या डोळ्यांत सरळ बघत.

मला वाटलं, आता थांबेल. वेग कमी झाला नाही. मला वाटलं, ढकलणार का मला? माझा भाऊ? मग तो माझ्या अंगावर आदळला.

माझी एक टाच मागे सरकली. तिच्याखाली काही नव्हतं.

त्याने माझी बाही पकडली. घट्ट. काय पकडलं ते त्यालाही कळलं नसेल. दोघंही बांधावर आपटलो.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

इंग्रजीत विचारलं. परक्या माणसाला विचारतात तसं, अदबीने.

साठ वर्षांत त्याने माझ्याशी इंग्रजीचा एक शब्द काढलेला नाही. मी त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होते. त्याचे डोळे उघडे होते, निळे, आमच्या आईचे. ते माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत होते.

त्याचा हात बाहीवरून वर आला, जॅकेटच्या चेनवर, मग बिल्ल्यावर, मग गालावर.

"एलुनेद?"

"मागे जा," मी म्हटलं. "इदवल, मागे. एक पाऊल. आणखी एक."

"का?"

"माझ्या मागे वाट नाही."

तो स्तब्ध उभा राहिला. मान जरा कलती.

"हो," तो म्हणाला. "आज समुद्र जवळून ऐकू येत होता. मला वाटलं, भरती मोठी आहे."

दोरीच्या बाहेर येऊन आम्ही बांधाला टेकून बसलो. लाल पायांचे दोन कावळे कड्यावरून ओरडत गेले. त्याने त्यांच्या दिशेने तोंड वळवलं, नेहमीसारखं. नेहमी मला वाटायचं, बघतोय.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गाडी विकली त्याच्या आधीपासून. आधी नजरेतलं मधलं गेलं. कडेकडेला थोडा उजेड असतो. ऊन समोर असलं की तोही नाही."

"मी दिसत नाही तुला?"

"ढग दिसतो. त्याला जॅकेट आहे."

"डॉक्टर?"

"गेलो होतो. ते म्हणाले, आता काही होणार नाही. मग पुन्हा कशाला जायचं?"

"आणि बोर्ड?"

"नेस्टाने वाचला तेवढा माहीत. बदललास का?"

"मागच्या आठवड्यात."

तो शेजारचं गवत उपटायला लागला. फोनवर मला काय म्हणाला होता ते त्याला आठवलं असावं.

"काय लिहिलंय आता?"

"वाट बंद."

"स्पेलिंग बरोबर आहे?"

"हो."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याचे ओठ थरथरायला लागले. हा माणूस आईच्या वेळी रडला नव्हता.

मी त्याचा हात धरला. तळहाताची कातडी बांधाच्या दगडासारखी झाली आहे, एकाच हाताची. आत्तापर्यंत कधी धरलाच नव्हता.

"शेतातल्या वाटेने का आला नाहीस?" मी विचारलं. "एवढी केली होती."

"गेलो होतो की, पहिल्याच दिवशी. मध्ये गेल्यावर धरायला काही नाही. नुसतं गवत चहूकडे. कुठे तोंड करून उभा आहे तेच कळेना. मेंढ्यांमध्ये उभा होतो, पोरी, माझ्या जन्माच्या गावात, आणि घर कुठे ते मला माहीत नव्हतं. समुद्र तेवढा ऐकू येत होता. समुद्राकडे चालत गेलो तेव्हा बांध सापडला."

"मला सांगायचंस!"

"सांगून? तू ऑफिसची. त्यांना कळलं की मला शहरातल्या वृद्धाश्रमात नेतील. गालिचे घातलेल्या खोलीत. तिथे काही ऐकू येत नाही."

घरी पोचवलं त्याला. त्याने चहा केला. बोट कपाच्या आत. मी त्या बोटाकडे बघत राहिले. पाणी बोटाला लागलं तेव्हा तो ओतायचा थांबला.


२ एप्रिल, संध्याकाळ

गाडी. कप. टोपी. बाकांवर ठेवलेले हात. नव्या चालीचा कागद. सगळं मी बघितलं होतं. बारा-तेरा वेळा तरी त्या गवतावरून तो गेला असेल. मी बोर्डाची अक्षरं मोठी करत होते.

सारखं 'ऐकू येतंय' म्हणायचा. इथे सगळेच म्हणतात.

चार वाजता हेविनकडे गेले. त्याला म्हटलं, खुंट्या काढायच्या आहेत. वाट शेताच्या मधून नको, बांधाला लागून हवी, तुझ्या बाजूने.

"नकाशात मधोमध आहे ना?"

"नकाशा चुकलाय."

"तिथे चिखल आहे."

"असू दे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बांधाकडे. मग ट्रॅक्टर काढला आणि पाटीच्या दगडाचा चुरा भरून आणला. अंधार पडायच्या आत आम्ही तो चिखलावर पसरला. दमून मी खाली बसले तर हा कोयता घेऊन बांधाच्या कडेने काटेरी वेली तोडत निघाला.

"ते राहू दे," मी म्हटलं. "चालायला अडचण नाही त्यांची."

"हात ओरबाडेल."

"कोणाचा?"

हेविनने कोयता थांबवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"ज्याचा असेल त्याचा," तो म्हणाला, आणि पुन्हा तोडायला लागला.

मी तिथेच बसून राहिले. म्हणजे याला माहीत होतं. कधीपासून, ते विचारायचं धाडस झालं नाही. नेस्टालाही माहीत असेल? टोपी कोणी उचलून दिली होती? दुकानात बोर्ड मोठ्याने का वाचला तिने?

क्लेअरला काय सांगायचं ते अजून ठरत नाही. सांगितलं तर ते येतील. नाही सांगितलं आणि उद्या काही झालं तर? हा बांधही किती वर्षं उभा राहील कोण जाणे.

आत्ता त्याचा फोन आला होता. "ती नवी चाल," तो म्हणाला, "एकदा म्हणून दाखव." मी कागद काढला आणि म्हटली. माझा आवाज फाटत होता. त्याने शेवटपर्यंत ऐकली.

"बरी आहे," तो म्हणाला. "तू बेसूर आहेस."


३ एप्रिल

सकाळी इदवल शेतातून आला, एक हात बांधावर. मी त्याच्या मागे होते, दहा-बारा पावलांवर, आवाज होऊ नये म्हणून बूट हातात घेऊन. वळणापाशी तो थांबला आणि न वळता म्हणाला, "बूट घाल, गवत ओलं आहे." मी घातले. तो दुकानात गेला, दूध आणि ब्रेड घेतला, आणि त्याच वाटेने परत गेला.